विडीस खुले पत्र

विडी,

तुला 'प्रिय' म्हणणार नाही. ज्यांनी आयुष्यभर म्हटलं, त्यांतल्या अनेकांच्या पायाची बोटं आज जागेवर नाहीत.

तुझं कसब मात्र कबूल. तेंदूच्या पानात चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा एक वेढा, एवढ्या भांडवलावर तू धडधाकट माणसाच्या अंगठ्यातलं रक्त अडवतेस. न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी १९०८ साली कापलेल्या पायांतल्या रक्तवाहिन्या तपासून या रक्त अडण्याच्या आजाराचं वर्णन केलं. तो गाठतो बहुतेक पन्नाशीच्या आतल्या तंबाखूबाजांना. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजतात, गुठळ्या धरतात आणि वाट बंद होते. आधी चालताना तळवा भरून येतो, मग पडल्या जागी ठणका लागतो. पाय खाटेखाली लोंबता ठेवला, की उतारावर थोडं रक्त सरकतं आणि तेवढाच डोळा लागतो.

अशा वेळी माणूस औषधाच्या दुकानातून लिग्नोकेनचा मलम आणतो. मलमाचं काम एवढंच, की दुखल्याची खबर मज्जातंतूतून पुढे जाऊ द्यायची नाही. रक्ताची वाट बंद ती बंदच. गुन्हेगार तू आणि तोंड दाबलं जातं साक्षीदाराचं! बधिर पायाला शेकाच्या पाण्याचा चटका कळत नाही, चप्पल चावलेली कळत नाही. रक्तच नसलेल्या जागी जखम भरत नाही. बोट काळं पडतं आणि कापावं लागतं.

भूल देणं वाईट नाही. ठणक्याने कळवळणाऱ्याला डॉक्टर मज्जातंतूभोवती भूल देऊन उसंत देतात, ती मिळायलाच हवी. पण आधी पायाची नाडी बघावी, घोट्याचा रक्तदाब दंडाशी ताडून पाहावा. ते गुणोत्तर ०.९ किंवा कमी आलं, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे.

आणि या आजारावर खरा उतारा एकच, तुला हद्दपार करणं. 'दिवसाला एखादीच' चालत नाही. मिसरी नाही, चुना लावून मळलेली चिमूटही नाही. गँगरीन होण्याआधी ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडली, त्यांचे पाय बहुधा वाचले आहेत.

सुटणं सोपं नाही, तू रक्तात भिनलेली असतेस. म्हणून घरच्यांनी तुला सोडू पाहणाऱ्याला टोचून बोलू नये, त्याच्या बाजूने तुझ्याशी भांडावं. दवाखान्यात मलम मागायला आलेल्याला डॉक्टरांनी तुझं नाव घेऊन विचारावं. तुझी सुटका आजवर झाली, ती कुणी नाव घेतलं नाही म्हणून. आता घेतलं आहे. काडेपेटी उचल आणि चालती हो.