काकूंचा धाकटा अवसेला स्लॅबवर काय करतो?

सेनगावात कोणाच्या घरी काय शिजतंय हे दुपारच्या चहाच्या आत सगळ्या गल्लीला कळतं. आमच्या आणि काकूंच्या अंगणात छातीभर उंचीची भिंत आहे, आणि तिच्या वरच्या विटा आम्हा दोघींच्या कोपरांनी गुळगुळीत झाल्यात. सोयाबीनचा भाव, हळदीचं बेणं, पलीकडच्या गल्लीतली वाटणी, हे सगळं यंदा मागं पडलं. भिंतीवर एकच विषय: काकूंचा धाकटा रात्री स्लॅबवर करतो काय?

गल्लीची मतं तयारच होती. वर लाल उजेड दिसतो, म्हणजे भानामतीतला काही प्रकार. पोरांचं म्हणणं, ड्रोन उडवतो. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे पोरगं नेमकं अवसेच्या आसपास वर जातं. मागं रिसोडकडचं एक स्थळ आलं होतं. त्यातल्या एका पाहुण्यानं गल्लीत चौकशी केली, मुलगा निर्व्यसनी आहे ना? समोरच्या आत्याबाई म्हणाल्या, “व्यसन काही नाही बाप्पा, फक्त रातभर घरात नसतो.” पाहुणे चहाची कपबशी खाली ठेवून उठले.

“काकू, पण अवसच का?” मी विचारलं.

“मी बी तेच म्हणले माय. अवस सोडून कवाबी जाय. तर म्हणतो, आई, चांदणं पडलं की मला पाहिजे ते दिसतच नाही. चंद्राच्या उजेडात ते धुरकट ढग बुडून जातेत म्हणे.”

“अन् लाल दिवा?”

“डोळ्याला अंधाराची सवय व्हायला अर्धा तास लागतो, पांढरी बॅटरी लावली की गेली. लाल उजेडात मोडत नाही. मला आता सगळं पाठ झालंय बघ, रोजच ऐकायली.”

काकूंना खरंच सगळं पाठ झालंय. पोरगा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, त्यामुळं घरात आईलाही शिकवतो. आणि काकू जे शिकतात ते भिंतीवरून इकडं येतं. म्हणून सांगते, दूरच्या आकाशाचे फोटो घरून काढायचे तर काय घ्यावं आणि काय घेऊ नये, हे आता मलाही निम्मंअधिक कळायला लागलंय.

पहिली गोष्ट पैशाची. आम्हाला वाटलं होतं, लाखाचा कॅमेरा असणार. काकू म्हणाल्या, “कॅमेरा जुनाच हाय, कोणाचा तरी वापरलेला. पैसा समदा बुडाला गेला.” मी हळहळले. मग कळलं, बुडाला म्हणजे खालच्या स्टँडला. त्याला ते लोक माउंट म्हणतात, कॅमेऱ्यापुरतं लहान असेल तर ट्रॅकर. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळं साध्या तिवईवर कॅमेरा ठेवून झडप उघडी ठेवली की ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघोट्या होतात. त्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: 500 भागिले लेन्सचे मिलिमीटर. पोराच्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला आणखी दीडपट धरायचं. म्हणजे 50 च्या लेन्सला जेमतेम सहा सेकंद, 200 च्या लेन्सला दीड. एवढ्या वेळात काय उजेड गोळा होणार? ट्रॅकर पृथ्वीच्या उलट दिशेनं तेवढ्याच वेगानं कॅमेरा फिरवत राहतो, मग एकेक फोटो मिनिट-दोन मिनिटांचा घेता येतो. पोराचं स्पष्ट मत आहे की ज्यानं आधी भारी कॅमेरा घेतला आणि स्टँड स्वस्तातला, त्यानं उलटं काम केलं. मला हे पटतं. डळमळत्या पाटावर कितीही चांगला रवा घ्या, शेवया सरळ पडत नाहीत.

या स्टँडपायी आमच्या दोन घरांत थोडं वाजलंही. ट्रॅकरचा अक्ष उत्तरेला, ध्रुवाकडं रोखावा लागतो. ध्रुव आपल्याकडं फार वर नाही. गावाचा अक्षांश जेवढा तेवढीच त्याची उंची, म्हणजे क्षितिजापासून वीसेक अंश. आणि त्या वीस अंशांत आमचा कडुलिंब उभा. पोरगं एके दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणालं, “वहिनी, एक फांदी छाटली तर चालंल का?” आमचे हे आतून ओरडले, “ध्रुवबाळासाठी लिंब तोडायचा? अढळपद मिळालंय ना त्याला, तर बस म्हणावं तिथंच.” त्यावर पोरानं शांतपणे सांगितलं की ध्रुव तसा अढळ नाहीच; खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडा अधिक, आणि तोही रोज फेरी मारतो. म्हणून ट्रॅकरच्या बारक्या दुर्बिणीत ध्रुव मधोमध धरायचा नसतो. त्या वेळेला वर्तुळावर जिथं असायला हवा तिथं बसवायचा. ह्यांना उत्तर सुचलं नाही. फांदी मात्र वाचली. त्यानं तिवई स्लॅबच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तिथून ध्रुव फांद्यांच्या बाहेर येतो.

स्लॅबचंही एक दुखणं आहे. दिवसभर तापलेलं सिमेंट अर्ध्या रात्रीपर्यंत वाफा सोडतं, त्यात तारे थरथरतात. आणि कोणी चाललं की हादरा बसतो. काकू एकदा मायेनं चहा घेऊन वर गेल्या तर त्या दोन मिनिटांचा फोटो वाया. आता नियम आहे, झडप उघडी असताना जिन्यावर कोणी पाय ठेवायचा नाही.

आता दुर्बिणीचं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या अण्णांनी नातवाला ऑनलाइन एक दुर्बीण मागवली, खोक्यावर पाचशे पट की काय लिहिलेलं. चंद्र धरला की निसटतो, स्टँड वाऱ्यानं हलतो. अण्णा काकूंच्या पोराला विचारतात, “तुझी किती पट?” पोरगं म्हणतं, “अण्णा, माझ्याकडं पटच नाही.” कारण या कामात मोठं करून बघायची गरज फारशी पडत नाही. देवयानी आकाशगंगा घ्या. 25 लाख प्रकाशवर्षं लांब, पण आकाशात तिचा पसारा तीन अंश, म्हणजे सहा पूर्णचंद्र ओळीत ठेवले एवढा. ती लहान म्हणून नाही, मंद म्हणून दिसत नाही. तिला 135 मिलिमीटरची साधी लेन्स पुरते. पुढं जाऊन घ्यायचीच तर साठ ते ऐंशी मिलिमीटर भिंगाची आखूड दुर्बीण, चांगल्या काचेची, म्हणजे ताऱ्यांना निळी झालर येत नाही.

फोटो काढले तरी काम संपत नाही, ही मला सगळ्यात नवलाची गोष्ट वाटली. एका रात्री एकाच जागेचे शंभर फोटो काढायचे. एकेका फोटोत काहीच नसतं, नुसती ठिपक्यांची कुरकुर. मग संगणकावर ते एकावर एक बसवायचे; शंभर फोटोंनी ती कुरकुर दहापट खाली येते. चारशे काढले तर वीसपट. म्हणजे दुप्पट साफ व्हायला चौपट रात्र जागायची. सिरिल नावाचं यासाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, डीपस्कायस्टॅकरही फुकट. शिवाय टोपण लावून तेवढ्याच वेळेचे काळे फोटो घ्यायचे, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे डाग वजा होतात. आणि पहाटे उजाडताना लेन्सवर पांढरं कापड ताणून काही फोटो, म्हणजे काचेवरची धूळ आणि कडेचा अंधार निघतो. हे पांढरं कापड म्हणजे काकांचा नवा बनियन. काका तो अंगात घालायला शोधत होते आणि तो कॅमेऱ्याच्या अंगात होता, हे भिंतीवर दोन दिवस चाललं.

फोकससाठी एक खाचाखाचांची चकती लागते. बाख्तिनॉव्ह नावाच्या रशियन माणसाची युक्ती. लेन्सपुढं धरली की ताऱ्याला तीन किरण फुटतात, मधला बरोबर मध्यावर आला की फोकस पक्का. विकत मिळते, पण पोरानं घरीच ब्लेडनं कापली, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून. काकूंना तेवढंच लागलं. “लोकाच्या पत्रिका कापायलाय, स्वतःची कवा छापावं?”

थंडीत दुसरा शत्रू दव. काकूंचं शेत पानकनेरगावच्या रस्त्याला आहे, तिथं अंधार गावापेक्षा बरा, म्हणून पोरगं तिकडंही जातं. पण रब्बीत रात्रीची थ्री-फेज आली की सगळे हरभऱ्याला पाणी देतात, रान ओलं, आणि उघड्या आकाशाखाली काच हवेपेक्षा गार पडते. तासाभरात लेन्स आंधळी. त्यासाठी लेन्सला गुंडाळायची एक ऊबदार पट्टी असते, पॉवर बँकेवर चालते. बाकी सगळं बारा व्होल्टच्या बॅटरीवर. आमच्याकडं लाईट गेली की गल्ली शिव्या देते, आणि हा जिन्यानं पळत वर जातो.

त्याचं वर्षही आपल्या वर्षासारखं नाही. आकाशगंगेचा गाभा, धनू-वृश्चिकाकडचा, पावसाळ्यात संध्याकाळी दक्षिणेला वर येतो, तेव्हा आपल्याकडं ढग. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पोरगं पहाटे उठून दक्षिणेकडं तोंड करून बसतं. तेव्हा हळद शिजवायचे कुकर पेटलेले असतात, धूर-वाफ टाळून जागा शोधायची. पाऊस सरला की ऑक्टोबरात हवा धुतलेली, पण सोयाबीनची मळणी सुरू, तिची धूळ. खरं सुख हिवाळ्याचं. मृग वर येतो, त्रिकांडाच्या खाली एक तेजोमेघ आहे, तेराशेवर प्रकाशवर्षं लांब, आणि नवशिक्याला पहिल्याच रात्री पावतो. तेजोमेघांचा तांबडा रंग मात्र साध्या कॅमेऱ्यात फिका येतो, कारण 656 नॅनोमीटरचा तो प्रकाश कंपनीनं बसवलेली गाळणी बराचसा अडवते. काही लोक कॅमेरा उघडून ती काढून घेतात. पोरगं म्हणतं, आधी दोन हिवाळे आहे त्यावर काढा, मग उघडा.

आणि दक्षिण आपल्याला फुकटात मिळालीय. एप्रिल-मेमध्ये नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गठ्ठा आपल्याकडं क्षितिजावर वीस अंशांच्या वर येतो. लंडनच्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही, त्यानं कितीही पौंड घातले तरी.

या सगळ्यात गल्लीनं त्याला औंढ्याला नोकरीही लावून टाकली. “तिथं ती मोठी दुर्बीण व्हायलीय ना, लायगो, तिथं घेतील त्याला.” केंद्र सरकारनं 2023 च्या एप्रिलमध्ये 2600 कोटी मंजूर केले, तेव्हापासून जिल्ह्यात जो तो लायगोचा भाचा-पुतण्या झालाय. पोरानं आत्याबाईंना समजावलं की त्याला भिंगच नाही. चार-चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात, आत लेसर. कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी थरथर येते ती मोजायची. अमेरिकेतल्या तसल्याच दोन यंत्रांनी ती 14 सप्टेंबर 2015 ला पहिल्यांदा पकडली. आत्याबाई म्हणाल्या, “म्हंजे फोटो निघतच नाही?” नाही. “मग तुझंच बरं.”

हल्ली एक सोपी वाटही निघालीय. इथल्या एका डॉक्टरांनी सीस्टार घेतलंय. अडीच किलोचा डबा, 50 मिलिमीटरचं भिंग, आतच कॅमेरा, आतच स्टँड. मोबाइलवर देवयानी दाबलं की आपोआप तिकडं वळतं आणि फोटो एकावर एक बसवत जातं. डॉक्टर खाटेवर पडून बघतात. काकूंच्या पोराला मी मुद्दाम टोचलं, तर म्हणाला, “वहिनी, चांगलंच हाय ते. ज्याला फोटो पाहिजे त्यानं तेच घ्यावं. मला काढायचा असतोय.” पुण्याच्या एका सोळा वर्षांच्या पोरानं 2021 मध्ये चंद्राचे पन्नास हजारांवर फोटो जोडून एक चित्र केलं होतं, सगळीकडं गाजलं, त्यालाही तयार मिळाला असताच की चंद्र.

मला कोणी विचारलं तर माझा सल्ला असा. ज्यानं आकाश ओळखलेलं नाही त्यानं यातलं काहीच घेऊ नये. दहा बाय पन्नासची दोन डोळ्यांची दुर्बीण घ्यावी, कृत्तिका आणि देवयानी हुडकाव्यात. गोडी टिकली तर ट्रॅकर, जुना कॅमेरा, एक लेन्स. अडलं तर पुण्याला ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासून, हौशी लोकांची देशातली सगळ्यात जुनी.

पण एक वस्तू कोणत्याच दुकानात मिळत नाही, ती अंधार. आपल्याकडं तो अजून आहे, आणि आपण तो घालवायला लागलोय. पूर्वी खांबावर पिवळे सोडियमचे दिवे होते. त्यांचा उजेड मोजक्याच रंगांचा, गाळणीनं बराचसा अडवता यायचा. आताच्या पांढऱ्या एलईडीत सगळे रंग असतात, त्याला गाळणी पुरी पडत नाही. आमच्या ह्यांनीही गेल्या दिवाळीत गोठ्यावर पन्नास वॅटचा फ्लड बसवला, तोंड थेट आभाळाकडं. काकू भिंतीवर फक्त एवढंच म्हणाल्या, “चोर काय वरून येतेत का माय?” आम्ही तो खाली वाकवून घेतला, वरून पत्र्याची टोपी बसवली, आणि आता गोठ्यात उजेडही जास्त पडतो. ज्यांच्या दारावर असा दिवा आहे त्यांनी तो जमिनीकडं वळवावा, आणि दहानंतर गरज नसेल तर बंद करावा. ग्रामपंचायतीचं, नगरपंचायतीचं जे कोणी हे वाचत असेल, त्यांनी खांबावरचे नवे दिवे बसवतानाच टोपीचे मागवावेत.