प्रेरणेचा पाणीसाठा

कादंबरीची प्रेरणा खडकवासल्याच्या पाण्याकाठी मिळते, असा एक समज पुण्यात टिकून आहे. कणीस, कांदाभजी, समोर मावळता सूर्य; एवढे जमले की कथानक आपोआप सुचावे. तसे असते तर चौपाटीवरच्या भजीवाल्याच्या नावावर एव्हाना त्रिखंडात्मक कादंबरी असती. या पाण्याकडे गोष्टींचा तुटवडा कधीच नव्हता. अभियंते विश्वेश्वरय्यांचे स्वयंचलित दरवाजे 1903 साली इथल्याच धरणाला बसले. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्यातले वाडे वाहून गेले. मात्र हे सगळे सूर्यास्तात दिसत नाही. ते दिसते पंचनाम्यात, भूसंपादनाच्या नोटिशीत, धूळ खाणाऱ्या फायलीत. धरणग्रस्तांवरची ‘झाडाझडती’ लिहिणारे विश्वास पाटील महसूल खात्यातले अधिकारी होते, हा मला योगायोग वाटत नाही. त्या कादंबरीला 1992 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

यावर कोणी म्हणेल, फायली तर हजारो अधिकारी चाळतात, त्यांतले कादंबरीकार किती? बरोबर आहे. फाईल वाचणे आणि तिच्यातला माणूस वाचणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी प्रवासभत्ता मिळत नाही. पण सूर्यास्त पाहणारेही हजारोच आहेत, आणि त्यांच्या हाती निदान फाईलसुद्धा नाही. मोबाईल आहे, त्यात त्याच सूर्याचे चाळीस फोटो.