शुअर सर!

मुरगूडकराला गोव्याला जायला निमित्त लागत नाही. आदमापुरात बाळूमामांना हात जोडायचे, मुदाळतिट्टा ओलांडायचा, राधानगरी-दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा आणि कणकवलीला हायवे धरायचा. मिळेल त्या लॉजवर पथारी टाकायची, ही आमची पद्धत. या खेपेला मात्र पुण्यात आयटीत असलेल्या भाच्याने परस्पर पंचतारांकित हॉटेल बुक केलं. वर म्हणाला, "मामा, सर्व्हिस काय असते ते एकदा बघाच."

बघितली.

दुपारी बाराला पोहोचलो. रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, खोली दोन वाजता मिळेल. आणि सोडायची कधी? दुसऱ्या दिवशी अकराला. म्हणजे पैसे पुऱ्या दिवसाचे आणि तास एकवीस. उसाच्या वजनात काटा मारतात म्हणून आमच्या भागात दर हंगामात ओरड होते, पण चोवीसात तीन तासांचा काटा हा धंदा आम्हालाही नवा होता.

खोली मात्र झकास. गाद्या अशा की आई बसली ती निम्मी दिसेनाशी झाली. मग तिची नजर न्हाणीकडे गेली. न्हाणी आणि पलंग यांच्यामध्ये भिंत नव्हतीच, आरपार काच होती.

"अगं बया! ह्या काचंत अंघोळ करायची? कुणी काढलं हे?"

काचेला पडदा होता, पण तो रिमोटवर चालायचा आणि रिमोट मेला होता. मी फोन केला. "शुअर सर." अर्ध्या तासाने परत केला. "शुअर सर, राइट अवे." संध्याकाळ झाली. शेवटी आईने पिशवीतून आपलं इरकली लुगडं काढलं, सौभाग्यवतीने ते वरच्या दांडीवरून सोडलं, आणि मग आमच्या अंघोळी अब्रूनिशी पार पडल्या.

चहाची कथा अशीच. चार चहा, साखर जास्त, असं सांगितलं. पाऊण तासाने किटलीभर गरम पाणी, दोरा बांधलेल्या पुड्या आणि साखरेच्या दोन पुरचुंड्या आल्या. आमच्या एका अंगाला बिद्रीचा कारखाना, दुसऱ्या अंगाला हमीदवाड्याचा. मी स्वतः ऊस घालणारा माणूस, आणि साखरेसाठी फोनवर विनवण्या करतोय! "शुअर सर," पलीकडून आलं. साखर सकाळी आली.

हे सगळं चाललं असतं हो. खरं दुःख निराळंच होतं. तिथे भांडायची सोय नव्हती. आमच्या स्टँडावरच्या चहावाल्याला "आरं, गरम पाणी दिलंस व्हय?" म्हटलं की तो "मग उद्यापास्नं घरनं घिऊन या" म्हणतो आणि दुसरा कप पुढं सरकवतो. भांडण मिटतं, चहाही मिळतो. इथे मी आवाज चढवला की समोरचा पोरगा छातीवर हात ठेवून वाकायचा. चढवलेला आवाज उतरवायचा कुठे?

त्या पोराचाही दोष नव्हता. आईने मोडक्यातोडक्या हिंदीत चौकशी केली तेव्हा कळलं, तो शिकाऊ होता, घर झारखंडात, आदल्या रात्रीपासून उभा होता आणि अख्खा मजला त्याच्या एकट्याच्या गळ्यात होता. आईने डबा उघडून त्याला चपाती आणि शेंगाची चटणी दिली. त्या हॉटेलात वेळेवर मिळालेलं तेवढं एकच जेवण.

निघताना बिल आलं. साडेसात हजारांवरची खोली म्हणून अठरा टक्के जीएसटी. ते सरकारचं, त्याला इलाज नाही. पण जेवणाच्या बिलात खाली एक ओळ होती : सर्व्हिस चार्ज. सौभाग्यवती ग्राहकांच्या हक्कांच्या बातम्या कापून ठेवणारी. तिने चष्मा लावला. माझ्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. बाह्या सावरल्या, खाकरलो आणि म्हणालो, "कसली सर्व्हिस? चार्ज काढा हा!"

मॅनेजरने हसून मान लववली. "शुअर सर."

आणि ओळ काढली. लगेच! दोन दिवसांत पहिल्यांदाच एक काम बोलल्या क्षणी झालं, आणि तेही माझं हक्काचं भांडण हिरावून. दाजीपूर येईपर्यंत मी गाडीत कुणाशी बोललो नाही.

तेव्हा वाचकहो, बिलाची खालची ओळ वाचत जा. हॉटेलने किंवा रेस्टॉरंटने जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी बजावलं आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. द्यायचा की नाही, ही आपली मर्जी. काढायला कुणी नकार दिलाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे मराठीत तक्रार करता येते.