वाळवीचे प्रकरण

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालवून सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात मुलाकडे राहावयास आलेला मराठी गृहस्थ हा एक स्वतंत्र वर्ग असून, सोयीसाठी आपण त्यास अप्पासाहेब म्हणू. मोटार चालविता येत नाही, सकाळी दारात वर्तमानपत्र पडत नाही, आणि ज्यावर शेरा मारावा असा एकही कागद समोर येत नाही, अशा त्रिविध उपासमारीत दिवस कंठणाऱ्या अप्पासाहेबांच्या कानी फ्रीमाँटच्या त्या घरात वाळवी निघाल्याची वार्ता आली, तेव्हा त्यांच्या मुखावर जी टवटवी पसरली ती पाहून सूनबाईंच्या मनात चर्र झाले.

वाळवीशी त्यांचा परिचय जुना. जमिनीतून मातीचे बोगदे रचीत कचेरीच्या दप्तरखान्यात शिरणारी देशी वाळवी त्यांनी जवळून पाहिली होती, आणि जी प्रकरणे निकालात काढणे सरकारास साधले नाही ती तिने काढली, याबद्दल त्यांच्या मनात तिच्याविषयी किंचित आदरही होता. इथली जात मात्र निराळी. ती मातीशी संबंध न ठेवता सुक्या लाकडातच जन्म, संसार आणि अंत उरकते. आणि इथली घरे तर सांगाड्यापासून लाकडाचीच. खिडकीच्या चौकटीखाली सापडलेले खसखशीएवढे कण अप्पासाहेबांनी भिंगाखाली धरले, प्रत्येक कणास सहा बाजू असल्याची खात्री करून घेतली, आणि ते पाकिटात घालून वर ‘मुद्देमाल’ असे लिहिले.

मार्ग दोन होते. पहिल्यात संपूर्ण घरावर ताडपत्रीचा तंबू चढवून आत सल्फ्युरिल फ्लोराइड वायू सोडतात; त्यास रंग नाही, गंध नाही, म्हणून कोणी आत राहिले असल्यास ते बाहेर पळावे यासाठी आधी डोळ्यांना झोंबणारे क्लोरोपिक्रिन सोडतात, आणि माणसे, मांजरे, कुंड्या यांनी दोन-तीन दिवस अन्यत्र मुक्काम करावयाचा. दुसऱ्यात लागण दिसेल तेथेच लाकडास भोके पाडून औषध टोचतात. या औषधांत संत्र्याच्या सालीचे तेलही असते हे कळताच, उमेदीची काही वर्षे नागपुरास काढलेल्या अप्पासाहेबांचा कल कोठे झुकला हे सांगणे नलगे.

तरीही कल म्हणजे निर्णय नव्हे. तपासनिसाचा अहवाल त्यांनी शब्दकोश घेऊन वाचला, आणि स्थानिक उपाय हा संपूर्ण इमारतीचा उपाय नव्हे, त्या जागेपलीकडे कीड असल्यास ती मरेलच असे नाही, अशा आशयाचा कायद्याने सक्तीचा केलेला मजकूर दिसताच त्यांनी चष्मा काढून पुसला. सात समुद्रांपलीकडे, सॅक्रामेंटोच्या कोणा कचेरीत, इतके निर्दोष अंग काढून घेणारे वाक्य लिहिणारा समानधर्मी बसला आहे, या जाणिवेने त्यांना परदेश प्रथमच आपलासा वाटला. मग तंबूवाल्याची उलटतपासणी झाली. वायू निघून गेला की मागे काहीही उरत नाही. पुढच्या हंगामात पंख फुटलेली जोडपी उडत येऊन नवा संसार थाटू शकतात, हे त्याने निमूटपणे कबूल केले.

“म्हणजे एवढी रक्कम मोजून उद्याचा बंदोबस्त शून्य!” अप्पासाहेब म्हणाले, आणि दोन्ही पक्ष सदोष निघाल्याच्या समाधानात त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा मागितला.

वास्तविक लागण एकाच चौकटीपुरती आहे असे खात्रीने ठरले तर टोचणी पुरते, आणि तीन खोल्यांत व माळ्यावर कण पडू लागले तर तंबूवाचून गत्यंतर नसते. पण इतके सरळ मत देणारा इसम मामलेदार कचेरीत टिकला नसता. शिवाय या जातीची वसाहत वाढावयास कित्येक वर्षे लागतात हे वाचल्यापासून, आपल्या खात्याहूनही मंद गतीने चालणाऱ्या प्राण्याबाबत घाई करणे त्यांना अशिष्ट वाटू लागले होते.

माळ्यावरून कणांचा दुसरा ढीग खाली आला तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “बाबा, मी तंबूच्या कागदावर सही केली. पुढच्या मंगळवारी.”

अप्पासाहेब पाऊण तास बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी रिकाम्या नायलॉनच्या पिशव्यांचा ताबा घेतला. उघडलेले प्रत्येक खाद्य दुहेरी पिशवीत बांधावे असा नियम होता. त्यांनी गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ आणि स्वतःचे त्रिफळा चूर्ण यांस अनुक्रमांक दिले, तीन प्रतींत यादी केली, आणि लोणच्याची बरणी परस्पर फ्रिजमध्ये गेल्याचे उघडकीस येताच पत्नीकडून खुलासा मागविला. “अहो, फ्रिजातलंसुद्धा बांधायचंय, तुमच्याच यादीत आहे,” असा खुलासा आला, तो त्यांनी नोंदवून घेतला. तुळस मात्र त्यांनी स्वहस्ते शेजारच्या गुजराती गृहस्थांकडे पोचविली आणि पोच लिहून मागितली.

मंगळवारी घरावर रंगीत पट्ट्यांची ताडपत्री चढत असता, समोरच्या फुटपाथवर हात मागे बांधून उभे राहिलेले अप्पासाहेब त्या गुजराती गृहस्थांस समजावून सांगत होते, की सुरुवातीपासून आपला आग्रह तंबूचाच होता, फक्त मुलगा ऐकत नव्हता.