अनलॉकभाऊ

मोबाइल दुरुस्तीची टपरी कुठल्या गावात नसते? पण सणसरच्या टपरीवाल्याला कुलूप दिसलं की चेव येतो. ‘स्क्रीन फुटली’ म्हणा, तो मान वर करत नाही. ‘दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेत नाही’ म्हणा, बाकड्यावरचं गिऱ्हाईक उठवून तुम्हाला जागा देईल. गाव त्याला अनलॉकभाऊ म्हणतं.

जुना फोन विकत घेताना मात्र तो फार कडक. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबतो, आलेले १५ आकडे तळहातावर उतरवतो, ‘केवायएम’ लिहून १४४२२ ला मेसेज टाकतो. फोन चोरीचा नाही असं उत्तर येईपर्यंत विकणाऱ्याला गाव, तालुका, सासुरवाडी विचारून होते.

कुलपाचा हा नाद जुनाच. २००३ साली रिलायन्सचा ५०१ रुपयांचा फोन घरोघर आला, तेव्हा भाऊ शाळेत होते. त्या फोनला कार्डच नसायचं. कार्डाची खाच शोधता शोधता भाऊंनी वडिलांच्या फोनचे दोन तुकडे केले. पुढे नोकियाचा जमाना आला. कंपनीचं कुलूप काढायला कोड घालायचा, आणि पाच वेळा चुकला की दार कायमचं बंद. भाऊ चार वेळा स्वतः घालायचे, पाचव्या वेळी गिऱ्हाइकाला म्हणायचे, “आता तुमच्या हातानं दाबा.” त्यामुळं त्यांच्या हातून एकही फोन बिघडल्याची नोंद नाही.

२०१७ साली १५०० रुपये अनामतीचा जिओफोन आला आणि भाऊंचं पाणी जोखलं गेलं. त्यात कंपनीचंच कार्ड चालणार. तुकोबांच्या पालखीचा सणसरला मुक्काम असतो. भाऊ टपरीपुढं बोर्ड लावून वारकऱ्यांचे फोन फुकट चार्ज करून देतात. अशात एका बाबांनी जिओफोन पुढं केला, नातवाचं दुसरं कार्ड त्यात घालायचं होतं. भाऊंनी तो उलटा-सुलटा करून हात जोडले. “माउली, ह्याचं कुलूप पंढरपुरातच निघंल.”

परवा तात्या अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेला वापरलेला आयफोन घेऊन आले. एटी अँड टीच्या कुलपातला. तात्यांना कुलूप कळेना. भाऊ म्हणाले, “झोनबंदी होती का नाय? ऊस आपला, पण घालायचा त्याच कारखान्याला. तसा हा फोन.” तात्यांना लगेच उमगलं. “म्हंजे फोन सभासद हाय!”

आता, अशा फोनचे हप्ते फिटले असतील आणि तो किमान ६० दिवस चालवला असेल, तर अर्ज केल्यावर ती कंपनीच कुलूप काढते, तेही फुकट. अर्ज भाच्यानं तिकडं बसून भरला. भाऊ इकडं तीन दिवस “वरनं कोड सुटलाय, वाटंत हाय” सांगत राहिले. चौथ्या दिवशी फोन मोकळा झाला. भाऊंनी ५०० रुपये घेतले आणि पेढेही मागितले.

तात्यांनी मग हौसेनं नव्या कंपनीचं कार्ड घेतलं. शेतात गेले, तर नीरा डाव्या कालव्याच्या पलीकडं त्याला रेंजच नाही. संध्याकाळी आधीच्या कंपनीचं जुनंच कार्ड घालायला पुन्हा टपरीवर हजर.

बाकड्यावरचं एक पोरगं हसलं. “तात्या, पाचशे घालवून फिरून तिथंच की!”

तात्यांनी टोपी नीट केली. “झोनबंदी उठली तरी ऊस मी भवानीनगरलाच घालतो ना? कारखाना आपला, जवळचा, दिवाळीला साखर देतो. पण घालीनच असं नाय, हे त्यांना ठावं पायजे. त्या ठावं असण्याचे पाचशे.”

भाऊंनी वाक्य तिथल्या तिथं टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी टपरीवर नवा दर लागला : अनलॉक ६०० रुपये.