दरडोई परवाना

सर्व्हरवरील संकेतस्थळे, ईमेलची खाती, डेटाबेस आणि डीएनएसच्या नोंदी कमांड टाइप न करता ब्राउझरमधील बटणांनी हाताळू देणाऱ्या सॉफ्टवेअरला कंट्रोल पॅनेल म्हणतात. १९९६ मध्ये अवतरलेले सीपॅनेल हे या कुळातील थोरल्यांपैकी एक. त्याला दोन दारे असतात: ग्राहकासाठी २०८३ क्रमांकाचे पोर्ट, आणि सगळ्यांच्या किल्ल्या बाळगणाऱ्या प्रशासकाच्या डब्ल्यूएचएमसाठी २०८७. प्रशासकाला कमांडचा विसर पडावा ही या सॉफ्टवेअरची मूळ सेवा, आणि ती इतक्या निष्ठेने बजावली गेली की एखाद्या रात्री पॅनेलच उघडेनासे झाले तर काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरपुढे मुरलेला प्रशासकही हात जोडून बसतो.

या अवलंबित्वाचे मोल २०१९ मध्ये ठरले. तोवर परवाना सर्व्हरमागे एक असे, म्हणजे त्यावर दहा खाती असोत की हजार, शुल्क तेच. त्या वर्षी ते खात्यांच्या संख्येवर बेतले गेले, शंभरापुढील प्रत्येक खात्याला वेगळा आकार लागला, आणि एकाच यंत्रात ग्राहक दाटीवाटीने कोंबण्यालाच ज्या होस्टिंग व्यावसायिकांनी कार्यक्षमता असे नाव दिले होते, त्यांना यातील अन्याय सर्वांत आधी दिसला. संतापून प्लेस्क या प्रतिस्पर्ध्याकडे वळणाऱ्यांची सोयही (दूरदृष्टी म्हणतात ती हीच) आधीच झालेली होती, कारण ओकली कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने २०१७ मध्ये प्लेस्क आणि २०१८ मध्ये सीपॅनेल आपल्या पंखाखाली घेतल्यामुळे बाजारातील स्पर्धा एकाच घरात सुखाने नांदत होती.