रे, म, ध, नी

माझी तक्रार चार सुरांची आहे. माउथ ऑर्गनच्या मधल्या सप्तकात सा, ग आणि प फुंकून वाजतात. रे, म, ध आणि नी श्वास आत ओढून. चौदा महिन्यांपूर्वी मला पूर्ण कवळी बसली, वर चौदा दात, खाली चौदा. तेव्हापासून सा, ग, प माझ्याकडे आहेत. बाकीचे चार गेले.

कोणाला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं: "अहो, फुंकायचंच तर आहे!" शेजारी हेच म्हणाले, जुईनगर स्टेशनबाहेरचा चहावाला हेच म्हणाला, आणि ज्यांनी कवळी बसवली ते डॉक्टरही हेच म्हणाले. मला या वाक्याचा खरोखर त्रास होतो. फुंकायची ती बासरी, फुंकायची ती सनई. माउथ ऑर्गनचं अर्धं संगीत ओढण्यात आहे. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावात माथियास होनर यांनी 1857 मध्ये कारखाना काढला, त्याच्याही आधीपासून हे वाद्य दोन्ही श्वासांवर चालत आलं आहे. जाणारा श्वास वाजतो आणि येणाराही वाजतो, म्हणून तर ते मला पोरवयात आवडलं.

माझा माउथ ऑर्गन चोवीस भोकांचा, ट्रेमोलो. एकेका सुराला पितळेच्या दोन पट्ट्या, एकमेकींपासून किंचित फरकाने लावलेल्या, त्यामुळे आवाजाला तो कंप येतो. एकूण अठ्ठेचाळीस पट्ट्या. टीटीसी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगारात दादरहून आणला. वाशीपर्यंत लोकल आली 1992 मध्ये; त्याआधी आम्ही कंपनीच्या बसने जायचो-यायचो, आणि सेकंड शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये रोज फर्माइश व्हायची. 'दोस्ती'तल्या रामूचा माउथ ऑर्गन पडद्यामागे राहुलदेव बर्मन यांनी वाजवला होता आणि 'शोले'तल्या जयचा भानू गुप्ता यांनी, हे मी त्या बसमध्ये किती जणांना सांगितलं असेल! वाद्य स्वस्त असलं तरी ते वाजवणारे लहान नव्हते, हे मला तेव्हाही सांगावंसं वाटायचं, आजही वाटतं.

आता कवळीचं ऐका. वरची कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरावर, आणि कडेने हवा आत शिरत नाही तोवरच. श्वास ओढला की तोंडातला दाब उतरतो. जी ओढ पितळेची पट्टी हलवते तीच कवळीलाही खाली खेचते. एकट्या रे पुरती ती कशीबशी टिकते. पण चढताना ध आणि नी लागोपाठ येतात, दोन्ही ओढायचे. ध ला कवळी सैल होते, नी ला सुटते, आणि सुराच्या ऐन मध्यावर टक् असा आवाज येतो. खालच्या कवळीला तर टाळूसारखा आधारच नाही. ती हिरडीच्या अरुंद कण्यावर बसलेली. जीभ एका भोकावरून दुसऱ्याकडे वळली की उचलली जाते.

काढून वाजवा, असाही सल्ला मिळतो. वाजवून पाहिलं. दात नसले की ओठ आत वळतात, त्यांना मागून टेकू राहत नाही. एक भोक धरायला गेलं की शेजारचंही वाजतं. धातूची कड हिरडीला लागते ती वेगळीच. आणि कवळी बसवायची पावडर लावून वाजवलं, तर लाळेबरोबर ती पट्ट्यांवर जाऊन बसते. माझा ध दोनदा त्याच्यामुळे बंद पडला. स्क्रू काढून, मऊ ब्रशने मीच साफ केला, कारण पेटी दुरुस्त करणाऱ्यांनी हातात घ्यायलाही नकार दिला. खरं तर पेटी आणि माउथ ऑर्गन एकाच कुळातले, दोन्हीकडे पितळेची पट्टीच वाजते. म्हणूनच बहुधा घरचे म्हणतात, "बाबा, आता पेटी घ्या." पेटीचा मला आदर आहे. पण तिला भाता असतो. मला माझा श्वास ऐकायचा आहे.

संध्याकाळी गच्चीवर बसतो. सायन-पनवेल महामार्गावरचे ट्रक एका बाजूला, आणि लग्नसराईत गावठाणातल्या हळदीचा बेंजो दुसऱ्या बाजूला. या आवाजात माझी टक् कोणाला ऐकू येत नाही, असं घरचे समजावतात. मला येते. माझ्याच टाळूवर वाजते ती.

सगळ्यात जास्त खटकतं ते असं की हे आधी कोणी विचारलंच नाही. कवळीसाठी पाच खेपा झाल्या. मापं घेतली, मेणाची कवळी लावून पाहिली, साठ ते सत्तर आकडे मोजायला लावले, कारण 'स' शीळ घालत नाही ना ते बघायचं होतं. सुपारी खाता का, तंबाखू खाता का, साखर आहे का, सगळं विचारलं. काही वाजवता का, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. दाताच्या जागेत किंवा कडेच्या उंचीत थोडा फरक करता आला असता का, हे मेण मऊ असतानाच बघायला हवं होतं.

खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालून कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. 2002 मध्ये माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी, खाली एकही दात नसलेल्यांसाठी पहिली पसंती याच उपायाला द्यावी असं म्हटलं होतं. खर्च ऐकून मी थांबलो आहे, पण विचार सोडलेला नाही. मात्र माझे चार सूर अडतात ते वरच्या कवळीपाशी, आणि त्याला हा उपाय नाही.

दात काढल्यावर पहिल्या वर्षात हाड सगळ्यात वेगाने झिजतं, तशी कवळी ढिली होते आणि आतून नवा थर द्यावा लागतो. माझं ते काम येत्या शनिवारी आहे. या वेळी माउथ ऑर्गन खिशात घेऊन जाणार आहे. डॉक्टर आकडे मोजायला सांगतील तेव्हा मोजीन, आणि मग त्याच खुर्चीत बसून त्यांना आधी सा ऐकवीन, मग ध, मग नी.